कहरुब्याच्या किनाऱ्यावरची माणसे

माझा मामेभाऊ पंधरा वर्षे कुवेतमध्ये वायरमन होता. तिथे त्याला सगळे 'कहरबाई' म्हणत. सुट्टीवर गावी आला की हे सांगून तो स्वतःच हसायचा, कारण आमच्याकडे हे एखाद्या बाईचे नाव वाटते. अरबीत विजेला 'कहरबा' म्हणतात, म्हणून विजेचे काम करणारा तो कहरबाई. मला मात्र हा शब्द ऐकला की दादीची तसबीह आठवते. मधाच्या रंगाचे, हाताला ऊबदार लागणारे मणी. दादी तिला 'कहरुबा की तसबीह' म्हणायची. शब्द मुळात फारसी. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे पळवणारा. लोकरीवर घासला की हा मणी बारीक काड्या ओढून घेतो, म्हणून तो काडीचोर. मराठीत त्याला तृणमणी असे जुने नाव आहे, त्यातही गवत आहेच. इंग्रजीतला 'इलेक्ट्रिक' शब्दसुद्धा याच मण्याच्या ग्रीक नावावरून आला. म्हणजे माझा भाऊ कुवेतमध्ये असो की मुंबईत, त्याच्या धंद्याचे नाव या पिवळ्या मण्यावरूनच पडलेले.

दादी गेल्यावर तसबीह माझ्याकडे आली. खरा कहरुबा मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो असे कुठेतरी वाचले होते. एका रविवारी ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवले आणि निसटलेला एक मणी त्यात सोडला. तो सरळ तळाशी गेला. बायको म्हणाली, "बरे झाले, दादी नाहीत बघायला."

तसबीह प्लास्टिकसारख्या कशाची तरी निघाली, पण खरा कहरुबा येतो कुठून, याचा नाद मला त्या दिवसापासून लागला. उत्तर सोपे आहे. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र आहे. त्याच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजचे पोलंड, रशियाचा कालिनिनग्राड प्रांत, लिथुआनिया आणि लाटव्हिया यांच्या किनाऱ्यांवर, वादळ होऊन गेले की लाटा हे पिवळे खडे वाळूत टाकून जातात. चार कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातल्या झाडांचा हा गोठलेला डिंक. पण खड्यांचे वाचता वाचता मी ते गोळा करणाऱ्या माणसांपर्यंत पोचलो आणि तिथेच अडकलो. कारण या माणसांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. जे लिहिले ते सगळे इतरांनी लिहिले, आणि त्यातले बरेचसे त्यांना जिंकायला आलेल्यांनी.

शाळेत आपण मुलांना शिकवतो की लेखनकला येण्याआधीचा तो प्रागैतिहासिक काळ. मुलांच्या डोळ्यांसमोर लगेच गुहा, कातडी आणि गारगोटी येते. बाल्टिक किनाऱ्यावर हे चित्र चालत नाही. तिथे लोखंडाचे नांगर होते, चांदीचे दागिने होते, टेकड्यांवर लाकडी किल्ले होते, घोडदळ होते, दूरदेशी व्यापार होता, पण लेखन नव्हते. पुस्तकी व्याख्येने तिथला प्रागैतिहासिक काळ चालतो थेट बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत. १२९० साल घ्या. त्या साली दिल्लीत जलालुद्दीन खिलजी तख्तावर बसला, देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता आणि नेवाशात ज्ञानेश्वरी लिहून झाली. त्याच साली बाल्टिक प्रदेशात झेमगाली नावाच्या जमातीचा शेवटचा किल्ला जळाला आणि हजारो लोक घरदार सोडून दक्षिणेला लिथुआनियाकडे निघाले. ती बातमीही आपल्याला कळते ती जिंकणाऱ्यांच्या बखरींतून.

आधी नावांचा घोळ मिटवू. 'बाल्ट' हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. १८४५ मध्ये नेसेलमान नावाच्या जर्मन भाषाभ्यासकाने समुद्राच्या नावावरून ते या भाषाकुळाला दिले. आज या कुळातल्या दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लाटव्हियन. शेजारच्या एस्टोनियाची भाषा वेगळ्या कुळातली, फिनलंडच्या भाषेची बहीण. पूर्वी मात्र प्रुस, यात्विंगी, कुर, झेमगाली, सेली, लाटगाली, गालिंद अशा अनेक जमाती होत्या. त्यातल्या प्रुसांचे नाव तुम्ही ऐकलेले आहे, फक्त ते कुणाचे होते हे कदाचित माहीत नसेल. त्याकडे शेवटी येतो.

या किनाऱ्यावरच्या लोकांबद्दल पहिले सविस्तर लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस. साल इ.स. ९८. तो त्यांना एस्ती म्हणतो. एस्ती लोक उथळ पाण्यातून आणि वाळूतून कहरुबा वेचतात, त्याला 'ग्लेसुम' म्हणतात, धान्य पिकवण्यात ते आळशी जर्मनांपेक्षा चिकाटीचे आहेत, ते देवांच्या मातेला भजतात आणि अंगावर रानडुकराची आकृती बाळगतात, असे तो सांगतो. मग एक वाक्य येते, ज्यावर मी अडखळलो. त्याच्या म्हणण्यानुसार या लोकांना स्वतःला कहरुब्याचा काही उपयोग नाही, रोमच्या चैनीने त्याला नाव मिळवून देईपर्यंत तो समुद्राच्या कचऱ्यात पडून होता, आणि त्याची किंमत हातात पडली की ते चकित होतात.

टॅसिटस तिकडे कधी गेला नव्हता. पण असे वाक्य लिहायला जावे लागत नाही. राजधानीत बसून दूरच्या माणसांबद्दल 'त्यांना आपल्याकडच्या वस्तूचे मोल कळत नाही' असे लिहिणे ही फार जुनी सवय आहे.

जमिनीने याचे उत्तर दिले, पण त्याला अठराशे वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युओद्‌क्रांते या गावाजवळ एक जर्मन कंपनी खाडीचा गाळ उपसून कहरुबा काढत होती. गाळातून नुसते खडे आले नाहीत, तर घडवलेल्या वस्तू आल्या. मणी, बटणे, पदके आणि चपट्या, भोक पाडलेल्या लहान मनुष्याकृती. रिखार्ड क्लेब्स या अभ्यासकाने १८८२ मध्ये चारशेहून जास्त वस्तूंची नोंद छापली. त्या अश्मयुगातल्या होत्या, म्हणजे टॅसिटसच्या सुमारे तीन हजार वर्षे आधीच्या. दुसऱ्या महायुद्धात त्यातल्या बहुतेक नाहीशा झाल्या. आज आपण पाहतो ती मुख्यतः क्लेब्सच्या पुस्तकातली चित्रे.

पुढे १९६० च्या दशकात लिथुआनियाच्या किनाऱ्यावर श्वेंतोयी इथे दलदलीचे पाणी काढायला चर खणताना पुन्हा वस्तू दिसल्या. रिमुते रिमांतिएने या बाई तिथे वर्षानुवर्षे उत्खनन करत राहिल्या. दलदलीत हवा पोचत नाही म्हणून लाकूड आणि सालसुद्धा टिकते. लिंडेन झाडाच्या सालीच्या धाग्यांची मासेमारीची जाळी निघाली, जाळ्यांना बांधायचे सालीचे तरंगते तुकडे निघाले, होडीची वल्ही निघाली, एल्क या मोठ्या हरणाच्या डोक्याचा आकार दिलेले शिंगाचे दंड निघाले, आणि माणसाचा चेहरा कोरलेला एक लाकडी खांब. शिवाय कहरुब्याचे मणी, बटणे, आणि घडवताना फुटून टाकून दिलेले अर्धवट तुकडे. माझ्या मते हे टाकलेले तुकडेच सर्वांत महत्त्वाचे. आयता दागिना बाहेरून येऊ शकतो, कारागिराचा कचरा बाहेरून येत नाही. 'उपयोग नाही' म्हणणाऱ्या टॅसिटसला या कचऱ्याने खोटे पाडले.

हा माल रोमच्याही कितीतरी आधी लांब पोचला होता. १८७६ मध्ये श्लीमानने ग्रीसमधल्या मायसीनीच्या राजथडग्यांत शेकडो कहरुबा-मणी पाहिले. ती थडगी इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासची. मणी बाल्टिकचेच कशावरून? हे रसायनशास्त्राने सोडवले. अवरक्त किरण सोडले की प्रत्येक जातीचा डिंक ते आपापल्या पद्धतीने शोषतो, आणि बाल्टिक कहरुब्याच्या आलेखात एका जागी खांद्यासारखा सपाट भाग दिसतो, जो इतरांत दिसत नाही. कर्ट बेक यांनी १९६० च्या दशकात ही कसोटी बसवली आणि मायसीनीचे मणी तिला उतरले. सीरियात होम्स शहराजवळ कत्ना नावाच्या प्राचीन नगरीचे राजथडगे २००२ मध्ये उघडले, त्यात सिंहाच्या डोक्याच्या आकाराचे कहरुब्याचे एक छोटे पात्र मिळाले, सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीचे. तोही बाल्टिकचाच. उत्तरेतल्या कुणा कोळ्याने वाळूतून उचललेला खडा हातोहात शामपर्यंत गेला आणि तिथल्या कारागिराने त्याचा सिंह केला. मधल्या कुणालाही दोन्ही टोके माहीत नसणार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण अभिमानाच्या भरात ती गाळली जाते. श्वेंतोयीचे सुरुवातीचे मासेमार आजच्या अर्थाने बाल्ट नव्हते. ते बर्फ वितळल्यावर या प्रदेशात आलेल्या शिकारी-मासेमारांचे वंशज होते. इ.स.पू. २८०० च्या सुमारास तिथे दुसरे लोक आले. ओल्या मडक्यावर दोरी दाबून नक्षी करणारे, होडीच्या आकाराच्या दगडी कुऱ्हाडी बाळगणारे, गुरे राखणारे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले की त्यांच्या रक्तात दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा मोठा वाटा होता. बाल्टिक भाषांचे मूळ बोलणे बहुधा त्यांच्याबरोबर आले. जुने लोक मात्र नाहीसे झाले नाहीत, त्यांचा वंश पुढच्या पिढ्यांत भरपूर उरलेला दिसतो. म्हणजे भाषा एकांची, समुद्र ओळखायची विद्या दुसऱ्यांची. शुद्ध, अखंड, एकाच मुळाचे असे काही निघत नाही. कुठल्याच देशात निघत नाही म्हणा.

या भाषेने आपल्याकडेही एक गोंधळ केला आहे. 'लिथुआनियात आजही संस्कृत बोलतात' असा एक मेसेज दर सहा महिन्यांनी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतो. संस्कृत कुणी बोलत नाही. पण साम्य खरे आहे आणि ते पाहून माझ्यासारख्या दोन भाषा शिकवणाऱ्याला आनंद होतोच. लिथुआनियनमध्ये दात म्हणजे दांतिस, आग म्हणजे उग्निस, धूर म्हणजे दूमास (आपल्या उर्दूतला धुआँ), मुलगा म्हणजे सूनुस, सात म्हणजे सेप्तिनी, आठ म्हणजे अश्तुओनी. त्यांच्याकडे एक म्हण आहे: 'दियेवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' हिचा मराठी अर्थ लिहायला बसलो तर मूळ शब्दच जागेवर येऊन बसले: देवाने दात दिले, तो दाणाही देईल. दुओना म्हणजे त्यांची भाकरी. ती आणि फारसीतला दाना, संस्कृतातले धाना हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आपण म्हणतो, चोच दिली त्याने चाराही दिला. त्यांनी चोचीच्या जागी दात घेतले, एवढेच.

याचा अर्थ ते इकडून गेले असा नाही आणि आपण तिकडून आलो असाही नाही. एका आजीच्या दोन नातवंडांना आजीचे नाक मिळाले, म्हणून एक नातू दुसऱ्याचा मुलगा होत नाही. वर्गात हे सांगितले की मुलांना कळते. ग्रुपवर सांगितले की दोन दिवस कुणी बोलत नाही.

भाषेने आणखी एक काम केले. माणसे गेली, तरी नद्यांची नावे राहतात. तोपोरोव आणि त्रुबाचोव या दोन रशियन विद्वानांनी १९६२ मध्ये नीपर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांची नावे तपासली, आणि आज जिथे बेलारूस आणि पश्चिम रशिया आहे तिथे शेकडो नावे बाल्टिक निघाली. म्हणजे एके काळी हे लोक किनाऱ्यापासून जवळजवळ मॉस्कोपर्यंत पसरले होते. रशियन बखरींत ११४७ मध्ये 'गोल्याद' नावाच्या जमातीवरच्या स्वारीची नोंद आहे. हे गालिंदच. ज्या साली मॉस्कोचे नाव पहिल्यांदा कागदावर आले, त्याच सालची ही नोंद. एक नाव वर येत होते, दुसरे बुडत होते.

आता मला सर्वांत आवडलेला साक्षीदार. नवव्या शतकाच्या अखेरीस वुल्फस्टान नावाचा एक दर्यावर्दी सात दिवस-रात्री जहाज हाकत त्रुसो या बाल्टिक बंदरावर पोचला आणि परत येऊन पाहिलेले इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारी सांगितले. तो जिंकायला गेला नव्हता, धर्म शिकवायलाही नाही, म्हणून त्याचे बोलणे मोकळे आहे. तिथे गढ्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येक गढीत एक राजा, असे तो सांगतो. मध आणि मासे भरपूर. राजा आणि श्रीमंत घोडीचे दूध पितात, गरीब आणि गुलाम मधाची दारू पितात. हे वाचून मी दोनदा खात्री केली, कारण आपल्याला उलट वाटेल.

मग तो मयताची रीत सांगतो. माणूस मेला की त्याला लगेच जाळत नाहीत. महिना, दोन महिने घरात ठेवतात. राजा असेल तर अर्धे वर्षसुद्धा. प्रेत सडू नये म्हणून थंडी निर्माण करणारे जाणकार त्यांच्याकडे आहेत, आणि ते उन्हाळ्यातही भांड्यातले पाणी गोठवू शकतात. तोपर्यंत घरात खाणे-पिणे आणि खेळ चालू. दहनाच्या दिवशी उरलेल्या मालमत्तेचे पाच-सहा ढीग करतात. सर्वांत मोठा ढीग गावापासून मैलभर, त्याहून लहान त्याच्या अलीकडे, असे करत शेवटचा घराजवळ. मग पंचक्रोशीतले वेगवान घोड्यांचे मालक पाच-सहा मैलांवर जमतात आणि सगळे एकदम धावत सुटतात. ज्याचा घोडा आधी पोचेल त्याला मोठा ढीग. वुल्फस्टान म्हणतो, म्हणून त्या देशात वेगवान घोडे फार महाग आहेत.

वारसाहक्काची ही तऱ्हा वाचून आमच्या स्टाफरूममध्ये खूप हसू झाले. एक सहकारी म्हणाले, आमच्याकडे भाऊ कोर्टात पळतात, त्यांच्याकडे घोडे पळत होते. पण यामागे काही विचार असणार. श्रीमंताची मालमत्ता घरातच साचून राहत नव्हती, ती गावभर विखुरली जात होती. वुल्फस्टानचे घोडे कल्पनेतलेही नव्हते. लिथुआनियातल्या कौनास शहरात मार्वेले नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे माणसांबरोबर दोनशेहून जास्त घोड्यांची थडगी सापडली, काहींच्या तोंडात लगाम तसाच.

त्रुसो बंदर कुठे होते हे अनेक वर्षे ठरत नव्हते. १९८२ मध्ये पोलंडमधल्या एल्ब्लाँग शहराजवळ, द्रुझ्नो सरोवराच्या काठी ते सापडले. घरांचे पाये, होड्यांचे खिळे, वजने, कहरुबा घडवण्याच्या जागा, आणि अरबी दिरहम. एकदोन नाहीत, ढिगाने. त्यातले बरेच तोडलेले, कारण तिथे नाणे मोजून नाही तर चांदी तोलून व्यवहार होई. बगदादच्या खलिफांच्या आणि पुढे बुखारा-समरकंदच्या सामानी अमिरांच्या टांकसाळीतली चांदी व्होल्गा नदीच्या वाटेने उत्तरेला यायची. त्या बदल्यात फर, मध, मेण, कहरुबा आणि गुलाम जायचे. शेवटचा शब्दही लिहायलाच हवा. त्या चांदीवर कलमा कोरलेला होता आणि तिच्या बदल्यात माणसे विकली जात होती, हे दोन्ही एकाच नाण्यावरचे आहे.

दहाव्या शतकात, ९६५ च्या सुमारास, अंदालुसियाचा इब्राहीम इब्न याकूब हा यहुदी प्रवासी मध्य युरोपात आला होता. त्याचा अरबी वृत्तांत पुढे कोर्डोव्याच्या अल-बक्रीने आपल्या भूगोलात उतरवला म्हणून वाचला. त्यात 'बुरूस' लोकांबद्दल चार वाक्ये आहेत. ते महासागराच्या काठी राहतात, त्यांची भाषा वेगळी आहे, शेजाऱ्यांच्या भाषा त्यांना कळत नाहीत, आणि शत्रू आला की त्यांच्यातला कुणी सोबत्याची वाट पाहत थांबत नाही, तलवार घेऊन एकटाच पुढे होतो आणि पडेपर्यंत लढतो. हे बुरूस म्हणजेच प्रुस.

तेराव्या शतकात त्यांच्यावर खरोखरच फौज आली आणि ती परत गेली नाही. १२३० च्या सुमारास जर्मन तुतोनिक सरदारांचा लढाऊ धर्मसंघ क्रूसेडच्या नावाने प्रुसांच्या मुलखात शिरला. लढाईचा तपशील मी इथे देत नाही. तो मोठा आहे आणि सगळा एका बाजूने लिहिलेला आहे. मला रस आहे तो १२४९ च्या ख्रिस्टबुर्गच्या तहात. या तहात बाप्तिस्मा घेतलेल्या प्रुसांना काही हक्क दिले गेले आणि बदल्यात काय काय करायचे नाही हे लिहून घेतले गेले. आमच्या शाळेच्या फलकावर 'मागच्या भिंतीवरून उड्या मारू नयेत' असे लिहिलेले असते. ते वाचून मुले काय करतात हे कुणालाही कळावे. तहही तसाच वाचायचा. प्रेते घोडे, शस्त्रे आणि कपड्यांसह जाळायची नाहीत. दरवर्षी सुगीनंतर 'कुर्के' नावाची मूर्ती करून तिला भजायचे नाही. एकाहून जास्त बायका करायच्या नाहीत, बायको विकत घ्यायची नाही. तुलिसोने आणि लिगाशोने यांना थारा द्यायचा नाही.

हे शेवटचे दोघे कोण? मयताच्या वेळी येऊन मेलेल्याची स्तुती गाणारे. ते आकाशाकडे पाहून ओरडतात की तो पाहा, तो आत्ता लखलखत्या शस्त्रांनिशी, हातावर ससाणा घेऊन, घोड्यावर बसून, मोठ्या लवाजम्याने आकाशातून परलोकी चालला आहे. तहाच्या कारकुनाने हे थापा म्हणून लिहिले. पण प्रुसांचा परलोक डोळ्यांसमोर उभा करणारे यापेक्षा चांगले वर्णन दुसरीकडे मिळत नाही. ज्याने रीत बंद केली त्यानेच ती आपल्यासाठी राखून ठेवली.

१३२६ मध्ये याच संघाचा पाद्री पेटर फॉन दुसबुर्ग याने बखर लिहिली. तो सांगतो की प्रुसांना लिपी नव्हती, आणि समोर नसलेल्या माणसाला कागदावरून आपले म्हणणे कळवता येते हे पाहून त्यांना सुरुवातीला फार नवल वाटले. दिवस मोजायचे तर ते रोज काठीला एक खाच पाडत किंवा दोरीला एक गाठ मारत. ते सूर्य, चंद्र, तारे, मेघगर्जना, पक्षी, अगदी बेडकालाही पवित्र मानत. त्यांच्या राखीव वनात कुऱ्हाड चालत नसे आणि पवित्र पाण्यात मासेमारी होत नसे. आपण देवराई म्हणतो तसेच हे. पाहुण्याला मात्र ते घरातले सगळे खाऊ-पिऊ घालत, हे शत्रू असूनही दुसबुर्गने लिहिले आहे.

मोकळी जागा दिसली की थापा मारणारे येतात. दुसबुर्गनंतर दोनशे वर्षांनी सिमोन ग्रुनाऊ नावाच्या साधूने मोठा ग्रंथ रचला. त्यात प्रुसांचे महामंदिर आले, प्रचंड ओक वृक्षात तीन देवांच्या मूर्ती आल्या, अगम्य अक्षरांचा राजध्वजसुद्धा आला. ज्यांना लिपी नव्हती त्यांच्या झेंड्यावर अक्षरे! बहुतेक अभ्यासक यातला मोठा भाग रचलेला मानतात. पण चित्र देखणे होते, म्हणून पुढे राष्ट्राभिमान्यांनी ते उचलले. ज्यांच्याकडे पुरावा कमी असतो त्यांना असा ग्रुनाऊ फार गोड लागतो. त्यापेक्षा दुसबुर्गची गाठ मारलेली दोरी बरी.

आता त्या नावाची गोष्ट. प्रुसांनी १२६० मध्ये हेर्कुस मान्तेसारख्या सरदारांच्या मागे मोठे बंड केले, चौदा वर्षे झुंजले आणि हरले. १२८३ पर्यंत सगळा मुलूख गेला. जिंकणाऱ्यांनी जमीन घेतली, मग जमिनीचे नावही घेतले. १५२५ मध्ये तिथे 'प्रशिया'ची डची झाली. १७०१ मध्ये क्योनिग्सबर्गला जर्मन राजाने 'प्रशियातला राजा' म्हणून मुकुट घातला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १७०९ ते १७११ च्या प्लेगमध्ये, प्रुस भाषा बोलणारी शेवटची खेडी ओस पडली. आपण इतिहासाच्या तासाला बिस्मार्कच्या प्रशियाची शिस्त, प्रशियाचे सैन्य, असे सगळे शिकवतो. मी स्वतः बारा वर्षे शिकवले. त्या नावाचे मूळ मालक वेगळे होते, हे मला माहीत नव्हते.

त्यांच्या भाषेचे उरले काय? चौदाव्या शतकातली जर्मन-प्रुस शब्दांची एक यादी आहे, सुमारे आठशे शब्दांची, आपण मुलांना पाठ करायला देतो तशी विषयवार. तिचा पहिला शब्द 'देइविस', म्हणजे देव. १५४५ आणि १५६१ मध्ये छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीच्या तीन पुस्तिका आहेत. तिसरीचे भाषांतर पॉल मेगॉट नावाच्या प्रुस दुभाष्याच्या मदतीने झाले, म्हणून तिची भाषा जास्त खरी मानतात.

आणि एक वाक्य आहे. १३६९ च्या एका लॅटिन हस्तलिखिताच्या शेवटी कुणा विद्यार्थ्याने उरलेल्या कोऱ्या जागेत ते खरडले. बासेलच्या ग्रंथालयातल्या त्या पोथीत ते १९७० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस पडले. प्रुस भाषेतले हे आज माहीत असलेले सर्वांत जुने वाक्य. त्यात ना देव आहे, ना युद्ध, ना पवित्र वन. बहुधा दारूच्या बाकावरच्या मित्राला मारलेला तो टोमणा आहे: सलाम साहेब, प्यायचे तर आहे, पण पैसे द्यायचे नाहीत, तर तू काही चांगला सोबती नव्हेस. त्यात 'द्यायचे' या अर्थाचा शब्द आहे 'दोयते'.